घरी बसलेला मदरबोर्ड

मी मदरबोर्ड बोलतोय. खरं म्हणजे बोलत नाही, माझा आवाज बसलाय. पण ज्याला ऐकणारं कोणी नसतं त्याला वाट्टेल ते बोलायची मुभा असते, आणि या कप्प्यात माझ्याशिवाय आहेत फक्त चार स्क्रू, एक फुटकी मोजपट्टी आणि विझलेला टॉर्च. तेव्हा बोलतो.

आधी नावाचं निस्तरू. मला 'मदर' म्हणतात आणि वर 'तो' म्हणतात. तो मदरबोर्ड. काम मात्र आईचंच. सगळ्यांना एका जागी धरून ठेवायचं, याचा निरोप त्याला पोचवायचा, आणि काही बिघडलं की पहिला संशय आपल्यावर. ताटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर चिकटवलेलं एक अख्खं गाव, असा मी दिसतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. तिथे सगळेच सारखे असतात, आठवणीला धरायला काही सापडत नाही. माझी पहिली आठवण एका शिकवणीवर्गाच्या ऑफिसातली. तिथले सर माझ्यावर मुलांचे मार्क टाइप करायचे. मार्कांप्रमाणे यादी, यादीप्रमाणे बाक. हुशारांना पुढे बसवायचं, बाकीच्यांना मागे. शेवटच्या बाकाची नावं टाइप करताना सर बटणं जरा जोरात दाबायचे. महिन्याला एखादं नाव यादीतून जायचं. एक बटण दाबलं की माणूस नाही. तो मुलगा कुठे गेला, त्याचं काय झालं, कोणी विचारायचं नाही. फी परत द्यायची नसते, एवढंच सरांना पक्कं ठाऊक होतं. नंतर त्यांनी लॅपटॉप घेतला आणि आम्हाला विकून टाकलं. तेव्हा आमच्याबद्दलही कोणी विचारलं नाही.

मी जुन्या मालाच्या दुकानात आलो. दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. तिथे मी एका टोपलीत उभा होतो, इतर पाट्यांच्या गर्दीत, आणि एके दिवशी दादा आला.

दादा हे त्याचं नाव नव्हे. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. इंजिनिअरिंगचं कॉलेज अर्ध्यातून सोडलेला, बारीक, केस डोळ्यांवर. त्याने मला टोपलीतून उचललं आणि कडेने धरलं. मधे बोट लावलं नाही. मला इतक्या जणांनी हाताळलंय, की एवढ्यावरून माणूस कळतो.

"मामा, याच्यावर माझा प्रोसेसर चालेल?"

"बसतो रे. सगळं बसतं."

"बसतो नका सांगू. जुळतो का ते सांगा."

"तुला काय लग्न लावायचंय का त्यांचं?"

"लग्न असतं तर विचारलं नसतं. लग्नात कोण विचारतं?"

मामा हसले. दादा हसला नाही, मोबाइलचा उजेड पाडून मला तपासत राहिला. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिथे माझी एक बारीकशी पिन वाकली होती. मामांनाही ती माहीत नव्हती. दादाने त्यांच्याकडून शिवायची सुई मागून घेतली, श्वास रोखला आणि केसाएवढी ती पिन सरळ केली. त्याला पाऊण तास लागला. सरळ झाल्यावर त्याने माझ्यावर फुंकर घातली. त्या फुंकरीबद्दल मी काही बोलणार नाही.

मग मामांनी मला त्यांचा जुना प्रोसेसर, रॅम आणि पडदा जोडून सुरू केलं. माझ्या डोक्यातलं ज्ञान जुनं होतं, नव्या प्रोसेसरला मी ओळखलंच नसतं. मामांनी ते बदलून नवं भरलं. दहा मिनिटांचं काम.

"झालं. आता ओळखेल," मामा म्हणाले.

"आमच्या बाबांच्या डोक्याचं करता येतं का हो असं?" दादाने विचारलं.

घड्याळ लावायची वेळ आली तेव्हा दादाने मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलं. "मी सगळीकडे उशिरा पोचतो," म्हणाला. माझ्या अंगावर नाण्याएवढी एक बॅटरी आहे. वीज नसली तरी तिच्या जोरावर माझं घड्याळ चालत राहतं. हे लक्षात ठेवा.

घर दोन खोल्यांचं. खिडकीजवळ एक टेबल, त्यावर मी. आई शिवणाच्या मशीनवर. बहीण आठवीत, तिला दादा चिमणी म्हणायचा कारण तिचं तोंड बंद होत नसे. आणि बाबा, कारखान्यात फिटर.

फिटर म्हणजे काय, ते या घरात येईपर्यंत मला माहीत नव्हतं. जे बसत नाही ते बसवणारा. बाबा त्यात पटाईत, कारखान्यात नाव होतं त्यांचं. दार घासत असेल, नळाचा आटा धरत नसेल, टेबलाचा पाय डुगडुगत असेल, बाबा कानस काढायचे. दोन हात इकडून, दोन तिकडून, फुंकर, की बसलं. "न बसायला काय झालं?" हे त्यांचं वाक्य. "बसवलं की बसतं." ते खिळ्याबद्दलही असं बोलायचे आणि मुलाबद्दलही. दादाला चित्रं काढायची होती. बाबांनी त्याला इंजिनिअरिंगला बसवला. दोन वर्षं तो तिथे बसला. नंतर उठला आणि घरी आला. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद. कोणी विचारो न विचारो.

"मुलगा काय करतो?"

"काय करणार? घरी बसलाय."

मी त्या टेबलावरून बघत होतो. तो बसलेला नव्हता. तो जुळवत होता. प्रोसेसर लावायच्या आधी त्याचा पंखा संगणकाच्या डब्यात मावेल का, म्हणून शाळेची पट्टी घेऊन डबा मोजला. ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचं कार्ड कापून आत ठेवून पाहिलं. पॉवर सप्लाय स्वस्तातला मिळत होता तो घेतला नाही. "हा खोटं बोलतो," म्हणाला. "अंगावर लिहिलंय पाचशे वॅट, देईल तीनशे. आपल्याकडे एक आहे तसा." चिमणीने बाबांच्या खुर्चीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.

हे सगळं चिमणीसाठी चाललं होतं. तिला पडद्यावर गाडी चालवायची होती, डोंगरातल्या रस्त्याने, भरधाव. मैत्रिणीच्या घरी एकदा तिने ती चालवली होती आणि तेव्हापासून डोक्यातून जात नव्हती. दादाने तिला शब्द दिला होता. "इंजिन मी बांधतो. गाडी तू चालव."

त्याने यादी केली होती. वहीच्या पानावर, एकाखाली एक. कशाला काय जुळतं, काय जुळत नाही आणि का. मिळालेल्या वस्तूसमोर चिमणी बरोबरची खूण करायची. सगळ्यात शेवटी रॅम. त्या ओळीत त्याने आणखी काहीतरी लिहिलं आणि चिमणीला दाखवलं. ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. आईने आतून विचारलं, काय झालं गं. तिला सांगताही येईना. पान घडी करून डब्याच्या आत चिकटवलं गेलं. घडी आत, मी समोर, मला काही वाचता आलं नाही.

रॅम म्हणजे आठवण. यंत्राची चालती आठवण, जी वीज गेली की सगळं विसरते. माणसांना हे जमत नाही, म्हणून ती अशी दिसतात. रॅमची पट्टी माझ्या उभ्या खोबणीत बसते. खोबणीत मधे एक बारीकसा दात आहे. पट्टीची खाच त्या दातावर बरोबर आली पाहिजे. वेगळ्या पिढीची पट्टी असेल तर खाच पुढेमागे होते आणि दात अडतो. मला तोंड नाही, म्हणून कारखान्याने मला तो दात दिला. तो माझ्यातर्फे एकच शब्द बोलतो. नाही.

रॅम सोडून सगळं लागलं, तेव्हा दादाने बटण दाबून बघितलं. पंखे फिरले आणि मी ओरडलो. तीन लांब शिट्ट्या. थांबून पुन्हा तीन.

"रडतोय का तो?" चिमणीने विचारलं.

"रॅम मागतोय. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक. तीन लांब म्हणजे आठवण नाही." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, ओरडतोय म्हणजे जिवंत आहे. मेलेलं ओरडत नाही."

त्याच आठवड्यात शेजारचे काका दारात उभे राहून बाबांशी बोलत होते. काकांचा मुलगा नोकरीला लागला होता. काकांनी तीनदा सांगितलं. बाबा मोठ्याने हसले आणि मोठ्याने म्हणाले, "नशीबवान आहात. आमचा बसलाय अंडी उबवत."

दादा माझ्यासमोरच होता. हातात स्क्रूड्रायव्हर. त्याने स्क्रू पूर्ण आवळला, एक आटाही अर्धा ठेवला नाही, आणि उठला. दुसऱ्या दिवशी तो पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. स्कूटरवर, पाठीला चौकोनी पिशवी. आता कोणी म्हणू नये की बसलाय.

तेराव्या दिवशी दुपारी, चौकात, ट्रकने वळण घेताना बघितलं नाही.

मी ते पाहिलं नाही. मी टेबलावर होतो. मी पाहिलं ते एवढंच, की आईचं मशीन मधेच थांबलं आणि पायाखालचं चाक तेवढं थोडा वेळ फिरत राहिलं.

माणसं आली. शिकवणीवर्गाचे ते सरही आले. दादा एके काळी त्यांच्या शेवटच्या बाकावर होता, हे मला तेव्हा कळलं. मी ज्याचं नाव खोडलं असेन, तो मला शोधत आला होता आणि सुईने माझी पिन सरळ करून गेला होता. सर म्हणाले, "हुशार होता." काका म्हणाले, "नशीब." सगळे नशीब, नशीब करत होते. नशीब बिचारं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. एकानेही विचारलं नाही की ज्या मुलाला रहदारीची भीती वाटायची, तो रस्त्यावर कसा गेला. बाबा खुर्चीत बसून होते. आता तेच घरी बसले होते.

त्यानंतर त्या घरात मी एकटाच आवाज करणारा उरलो. चिमणीचं तोंड बंद झालं. ती शाळेतून यायची, दप्तर ठेवायची आणि माझं बटण दाबायची. तीन लांब. थांबून तीन लांब. ती दहा मिनिटं ऐकायची आणि बंद करायची. रोज. मेलेलं ओरडत नाही, हे त्याने तिला सांगून ठेवलं होतं ना.

खिडकीतून वारा आला की माझ्या डब्याचा पंखा आपोआप हलायचा. आई हातातलं शिवण टाकून उठायची, दाराशी यायची, डब्याकडे बघायची आणि परत जायची. एकदा तिने डब्याच्या काचेवर हात ठेवला. हात तसाच राहिला, बराच वेळ.

बाबांना शिट्ट्या सहन होत नव्हत्या. "बंद कर ते," ते चिमणीवर ओरडायचे. ती दहा मिनिटं पुरी करायचीच.

एका दुपारी आई त्यांना म्हणाली, "तो काहीतरी मागतोय."

"यंत्र आहे ते."

"मग द्या की त्याला काय हवंय ते. सगळ्या जगाला बसवून देता. फिटर ना तुम्ही?"

 दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून बाबा घरी थांबले. चिमणी शाळेत होती, आई कपडे पोचवायला गेली होती. बाबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक रॅमची पट्टी काढली. कारखान्याच्या ऑफिसातला जुना संगणक भंगारात गेला होता, त्यातली. माझ्याआधीच्या पिढीची. लांबी तीच, रंग तोच, सोनेरी दाते तसेच. फिटरच्या डोळ्याला सारखीच.

त्यांनी डबा उघडला. यादी तिथेच होती, त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी ती बाजूला सारली. त्यांना आयुष्यभर वस्तू वाचता आली होती, कागद कशाला वाचायचा?

पट्टी लावली. माझा दात अडला. नाही.

त्यांनी दाबली. नाही.

त्यांनी पट्टी काढली, खिडकीशी नेली, खाच बघितली, माझा दात बघितला. दोघांत तांदळाच्या दाण्याएवढा फरक. मला वाटलं आता कळेल. पण ज्याचं आयुष्य कानशीत गेलं त्याला 'नाही' ऐकू येत नाही. त्याला 'अजून थोडं' ऐकू येतं.

बाबांनी बारीक कानस काढली.

ते वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. कानस केसभरही वाकडी जात नव्हती, इतके ते हात चांगले होते. खर्र, खर्र. सोनेरी भुगा माझ्यावर पडत होता. ते तोंडातल्या तोंडात बोलत होते. "बसेल. बसेल आता. दम धर." ते पट्टीशी बोलत नव्हते. माझ्याशीही नाही. माझ्याआधी त्यांनी आणखी एकाला असंच घासून बसवलं होतं, आणि त्यालाही असंच म्हणाले असतील, दम धर.

पट्टी या वेळी आत गेली. दोन्ही बाजूच्या कड्या खट्‌कन लागल्या. "बसली!" बाबा म्हणाले. त्या आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं, होऊ दे, एकदा जुळू दे, नियम मोडून जुळू दे.

त्यांनी बटण दाबलं.

पंखे अर्धा फेरा फिरले. मी ओरडायला गेलो. खोबणीजवळ काहीतरी तडकलं, एक बारीक धुराची रेघ उठली आणि डब्याच्या काचेला लागून वर गेली. मग काहीच नाही.

बाबांना वासाआधी शांतता कळली. "बघ," ते रिकाम्या खोलीला म्हणाले, "गप्प झाला." ते हसले. मग त्यांना वास आला.

चिमणी आली तेव्हा ते जमिनीवर बसले होते. तिने दप्तर ठेवलं, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग आत बघितलं, वाकडी बसलेली पट्टी, माझ्या कडेचा काळा डाग, टेबलावर कानस. ती रडली नाही. तिने यादीची घडी काढली, उघडली आणि बाबांच्या समोर धरली. कित्येक दिवसांनी ती बोलली.

"शेवटची ओळ वाचा."

बाबांनी चष्मा लावला. "रॅम," त्यांनी मोठ्याने वाचलं. एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलासारखं. "चौथ्या पिढीचीच. तिसरी जुळत नाही. बाबांना दाखवू नये..." ते थांबले.

"पुढे."

"...कानस काढतील."

 मग बाबांच्या छातीतून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, हे मी माणूस नसल्यामुळे सांगू शकत नाही. "कार्ट्याने ओळखलं होतं मला," ते म्हणाले. "ओळखलं होतं. मी कधी..." वाक्य तिथेच राहिलं. चिमणीने ते पुरं करायला मदत केली नाही. तिने बरोबर केलं. काही वाक्यं मोठ्या माणसांनी एकट्यानेच ओढायची असतात.

मामांनी मला उलटापालटा करून बघितलं आणि मान हलवली. माझ्याबरोबर प्रोसेसरही गेला होता. बाकीचे वाचले.

"टाकून देऊ का?" मामांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. माझ्या दाताचा शब्द. त्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकला.

मग त्यांनी खिशातून यादी काढली आणि दुकानात उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचली. गिऱ्हाइकं खोळंबली. मामांनी दुसरा बोर्ड पुढे केला, तसाच प्रोसेसर, चौथ्या पिढीची रॅम. सवयीने म्हणाले, "हे घ्या. सगळं बसतं."

"बसतं ते मला कळतं हो," बाबा म्हणाले. "जुळतं का, ते सांगा. मला त्यातलं कळत नाही."

नवा बोर्ड चिमणीने लावला. बाबा दोन्ही हात पाठीशी बांधून दारात उभे होते. मी याच कप्प्यात होतो, टेबलाखाली. बटण दाबल्याचा आवाज आला आणि मग एक छोटी शिट्टी. एकच.

"थांबलं का त्याचं मागणं?" आईने आतून विचारलं. 

आता चिमणी रोज दुपारी तो गाडीचा खेळ लावते. डोंगर येतो, रस्ता येतो, इंजिन घरघरतं. ती गाडी थोडी पुढे नेते आणि रस्त्याच्या कडेला उभी करते. बाकीच्या गाड्या सूं सूं करत निघून जातात. ती दहा मिनिटं तशीच थांबते. मग बंद करते. बाबा मागे खुर्चीत असतात. "चालव की," असं ते अजून एकदाही म्हणालेले नाहीत. हे त्यांना नव्याने जमलंय.

माझ्या खोबणीत ती घासलेली पट्टी अजून आहे. ती निघत नाही, बाबांनी फार चांगली बसवलीय. ते कधी कधी कप्पा उघडतात, शेजारच्या रिकाम्या खोबणीतल्या दातावर बोट फिरवतात आणि कप्पा लावतात. ते काय शोधतात मला ठाऊक आहे. पण माझा आवाज बसलाय.

एक गोष्ट मात्र त्यांना कळलेली नाही. नाण्याएवढी ती बॅटरी शाबूत आहे. माझं घड्याळ चालू आहे, पाच मिनिटं पुढे, त्याने लावलं तसं. या घरात एकाची वेळ अजून पुढे धावतेय, आणि सगळीकडे उशिरा पोचणारा तो मुलगा आता कुठेच जायचा नाही. वर्ष-दोन वर्षांत बॅटरी संपेल. तोवर मला कोणी दुरुस्त करू नका, की माझ्यावर कानस चालवू नका.

आणि तुमच्या घरात कोणी टेबलाशी मान खाली घालून काहीतरी जुळवत असेल, आणि दारात कोणी काका उभे राहून तो काय करतो म्हणून विचारत असतील, तर हसू नका. दार लावून घ्या.

बसू द्या त्याला.